गादीवाल्यानं काठी तोडली नव्हती

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. माझ्या मुलीच्या बँडवर मागच्या वर्षी सिनेमा निघाला. त्यात एक बाप ड्रम वाजवणाऱ्या आपल्या पोरीच्या काठ्या गुडघ्यावर धरून तोडतो आणि तिला घरात डांबून ठेवतो. सिनेमात नावं बदललेली आहेत, पण आमच्या कारंज्यात कुणालाही विचारा, तो बाप कोण ते सांगेल. तो इथंच राहतो, गाद्या भरतो. त्यानं आपणहून पोरीला अडवलं नव्हतं. अडवलं मी. त्याच सिनेमात मुलींच्या पाठीशी उभा राहणारा एक गणिताचा मास्तर आहे. तो म्हणजे मी.

बोलण्याच्या बाबतीत मी पहिल्यापासून हात राखून. वर्गात फळ्याशी बोलतो, घरी वर्तमानपत्राशी. लोक त्याला सरांचा स्वभाव म्हणतात. मीही इतकी वर्षं तसंच म्हणत आलो.

आमच्याकडे उन्हाळ्यात गाद्या उसवतात. गादीवाला घरी येतो, गच्चीवर जुना कापूस काढून त्याला ऊन देतो, दोन काठ्यांनी झोडून मोकळा करतो आणि पुन्हा भरून टाके घालतो. आता त्यासाठी यंत्रं आहेत, पण माझ्या बायकोला काठीनं झोडलेलाच कापूस लागतो. त्या वर्षी गादीवाल्यासोबत त्याची मुलगी आली होती. माझ्याच शाळेतली, माझ्या मुलीच्या वर्गातली. दोघींची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती, तरी एकमेकींशी बोलणं फारसं नसावं. बाप खाली चहाला आला आणि वर पोरीनं काठ्या हातात घेतल्या.

माझी मुलगी तेव्हा मामानं दिलेली गिटार घेऊन खोलीत बसलेली असायची. चार सूर यायचे, तेच वाजवायची. गच्चीवरून काठ्यांचा आवाज आला तशी ती थांबली. आवाज थांबला नाही. थोड्या वेळानं हिनं त्या आवाजाच्या चालीनं पुन्हा सुरुवात केली. मी जिन्यात उभा होतो. मला संगीतातलं कळत नाही, पण हिची गिटार आतापर्यंत पांगुळगाड्यात होती आणि आता चालायला लागली, एवढं कळलं.

गादीवाला वर गेला. पोरीभोवती कापूस उडत होता.

"काय गं, कापूस झोडून राह्यली का त्याले नाचवून राह्यली?"

ती लाजली आणि काठ्या खाली ठेवल्या. तो म्हणाला, "ठेवू नको. चांगला मोकळा होऊन राह्यला."

तिथून ते सुरू झालं. तिसरी मुलगी कामरगावची, शेतकऱ्याची, अकरावीसाठी रोज एसटीनं कारंज्याला येणारी. ती कीबोर्ड वाजवायची. बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राचा कळकट ड्रमसेट मुलींनी कुठून तरी मिळवला आणि आमच्या माडीवर नेऊन ठेवला. गाणी त्यांची त्याच लिहायच्या. फाट्यावर मुली उभ्या दिसल्या की एसटी न थांबवणाऱ्या ड्रायव्हरवर एक होतं. गणिताच्या मास्तरवरही एक होतं. ते मी घरात नसताना म्हणत, आणि मला ते पूर्ण पाठ होतं.

गादीवाल्याची परवानगी मी स्वतः जाऊन घेतली. त्याच्या दुकानात बसून म्हणालो, संध्याकाळी दोन तास पोरगी आमच्याकडे येईल, जबाबदारी माझी. त्यानं फार विचार केला नाही.

"तुमी म्हणता तं झालं सर. तुमच्या घरी हाय म्हणजे माह्याच घरी हाय."

दिवेलागणीला तो तिला न्यायला यायचा. वर कधी आला नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायचा. या म्हटलं तर म्हणायचा, असू द्या, इथूनही आइकू येते. एकदा मला म्हणाला, "सर, आमच्या सात पिढ्यांचे हात चालले. हिचे हात अन् पाय दोन्ही चालतात." सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. सिनेमातला बाप एकदाही हसत नाही.

आता जे लिहायचं आहे ते अवघड आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला मुलींना दोन गाणी म्हणायला मिळाली. माझी मुलगी समोर उभी राहून गात होती आणि लोक तिच्या खांद्यावरून मागे पाहत होते. ड्रमवर बसलेल्या त्या पोरीच्या डोक्यावरची ओढणी घसरली होती, कपाळ घामानं निथळत होतं, आणि तिचं कुणाकडेही लक्ष नव्हतं. गाणं संपल्यावर पोरं ओरडली ती तिच्या नावानं. माझ्या मुलीला त्याचं काही वाटलं नाही. उलट तिनंच मैत्रिणीला हात धरून पुढे आणलं. वाटलं मला. पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवत होतो आणि मनात हिशेब करत होतो की हे असंच चाललं तर माझी मुलगी हिच्या पुढे उभी राहणारी एक पोरगी होऊन जाईल. गिटार माझ्या घरची, माडी माझी, चहा-पोहे माझ्या बायकोचे.

पुढे लोक बोलू लागले, हेही खरं. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाला, "सर, दिवसा भूमिती अन् संध्याकाळी ढोल काय?" सगळे हसले, मीही हसलो. मोठ्या भावानं फोनवर विचारलं, त्यांची पोरगी तुझ्या माडीवर रोज कायले पाहिजे, उद्या आपल्या पोरीले पाहायले पाहुणे येतील तेव्हा काय सांगशील. तिकडे गादीवाल्याच्या मोहल्ल्यातही कुणी त्याला टोकलं असणार. तो माझ्याजवळ कधी बोलला नाही. लोकांमुळे मला ते करावं लागलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. पण लोक नसते तरी मी काही तरी निमित्त शोधलं असतं, असं आता वाटतं.

अमरावतीला कॉलेजांची स्पर्धा होती. दोन दिवस राहायचं होतं. मुलींची निवड झाली. माझ्या मुलीला जाऊ नको म्हणण्याची माझ्यात धमक नव्हती. तिनं जेवण सोडलं असतं आणि घर डोक्यावर घेतलं असतं. दुसऱ्याच्या मुलीला थांबवणं सोपं होतं. चार दिवस आधी मी दुपारी गादीवाल्याच्या दुकानात गेलो.

तो एका लग्नाच्या गादीला टाके घालत होता. मला बसायला त्यानं विकायला ठेवलेली नवी गादी टाकली. मी म्हणालो, "अमरावतीले तुमच्या पोरीची जबाबदारी मले नाही घेता येणार."

"काहून सर?"

"नाही घेता येणार."

त्याचा दाभण धरलेला हात थांबला. रस्त्यावरून सोयाबीनचा ट्रॅक्टर गेला. मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "सर, तुमी काई आइकलं का तिच्याबद्दल?"

आमच्या भागात गुरुजीच्या शब्दावर पोरी दहावीच्या पुढे शिकतात. खेड्यातल्या, मोहल्ल्यातल्या, सगळ्याच. बाप स्वतः शिकलेला नसतो, कॉलेज आतून पाहिलेलं नसतं. तो गुरुजीकडे पाहून पोरीला पाठवतो. गुरुजीनं एकदा दिलेला शब्द स्वतः येऊन परत घेतला तर बाप त्यातून एकच गोष्ट समजतो: पोरगी कुठे तरी चुकली, आणि गुरुजी भला माणूस म्हणून उघड बोलत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. पंचवीस वर्षं मी तो शब्द देत आलो होतो. "नाही हो, पोरगी सोन्यासारखी आहे," एवढंच म्हणायचं होतं.

मी गप्प राहिलो. गादीवरचे टाके पाहत बसलो.

त्यानं मान हलवली. "समजलं," तो म्हणाला. "तुमी सोता येऊन सांगतलं. दुसऱ्याजवळ नाही बोलले. मेहरबानी सर."

त्यानं माझे आभार मानले. मी उठलो, चप्पल घातली आणि घरी आलो. मी खोटं बोललो नव्हतो, एक अक्षरही नाही, असं येताना मोजून पाहिल्याचं आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. कॉलेजही सुटलं. माझी मुलगी तिच्या घरी गेली तर तिला दारातूनच सांगण्यात आलं की ती आता येणार नाही. घरी येऊन ती रडली. तिच्या अब्बांनी असं कसं केलं, ते तर किती चांगले होते, असं पुन्हा पुन्हा विचारत होती. तेव्हा मात्र मी बोललो. म्हणालो, "त्यांच्यात असंच असतं." मी कमी बोलतो, त्यामुळे जे बोलतो ते घरात खरं धरतात. तिनंही धरलं.

अमरावतीला कॉलेजातलीच दुसरी एक मुलगी ड्रमवर बसली आणि पुढे तीच राहिली. मुलींना बक्षीस मिळालं. मग पुणं, मग मोबाइलवर लाखो लोकांनी पाहिलेलं ते एसटीचं गाणं, मग परदेशातले कार्यक्रम. ते सगळ्यांना माहीत आहे. इकडे सहा-सात महिन्यांत गादीवाल्याच्या मुलीचं लग्न शेलूबाजारला झालं. त्यानं मला घरी येऊन आमंत्रण दिलं. मी गेलो, जेवलो, मुलाच्या बापाशी माझी ओळख त्यानं "पोरीचे गुरुजी" म्हणून करून दिली.

सिनेमा लिहायचं ठरलं तेव्हा पुण्याहून एक तरुण बाई आमच्याकडे आली. हुशार होती, नम्र होती. मोबाइल टेबलावर ठेवून दोन दिवस विचारत होती. माझ्या मुलीनं तिला सगळं सांगितलंच होतं. पहिल्या ड्रमर मैत्रिणीबद्दल तर पोटतिडकीनं सांगितलं होतं, म्हणूनच तो भाग सिनेमात यायचा होता. बाईनं मला विचारलं, तिचे वडील कसे होते. मी म्हणालो, "कडक होते." तिनं आणखी थोडी वाट पाहिली. मी तिचा चहा पुढे सरकवला. जाताना ती म्हणाली, तुमच्यासारखे शिक्षक प्रत्येक गावात हवेत. मी तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेलो होतो.

त्या एका शब्दावरून त्यांनी एक अख्खा माणूस उभा केला.

सिनेमा आला तेव्हा गावातल्या मंडळींनी मंगल कार्यालयात त्याचा खेळ ठेवला, रविवारी सकाळी. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. मुलगी कार्यक्रमासाठी बाहेर होती, म्हणून सत्कार माझा. स्टेजवर गाद्या आणि लोड मांडले होते. कारंज्यात असा कुठलाही कार्यक्रम असला की गाद्या त्याच्याच दुकानातून येतात, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो मागे थांबतो, कारण त्या परत न्यायच्या असतात. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलं नाही. शाल, नारळ झाल्यावर आम्हाला स्टेजवरून उतरवून समोर बसवलं आणि पडदा सोडला.

काठ्या तोडायचा प्रसंग आला तेव्हा मागून कुणी तरी हळूच गादीवाल्याचं नाव घेतलं. दोन-चार माना वळल्या. मीही वळून पाहिलं. दाराजवळ भिंतीला टेकून तो उभा होता. पडद्यावरच्या उजेडात त्याचा चेहरा दिसला. तो सिनेमा पाहत होता, जसा कुणीही पाहील तसा.

संपल्यावर लोकांनी मला गराडा घातला, फोटो काढले. हॉल रिकामा झाल्यावर मी शाल घ्यायला स्टेजवर गेलो. तो लोड एकावर एक रचत होता. मी खाली पाहत शालीची घडी करू लागलो. 

"सर, जरा सरकता का? थे गादी घ्यायची हाय."

मी सरकलो. गादी गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "पिक्चर चांगला हाय. पोट्टी लय पुढं गेली तुमची."

मी मान हलवली.

"पण सर, काठी नाही तोडली मी. काठी काहून तोडीन? थे तं रोजी हाय. आमच्यात काठीले पाय लागला तरी हात लावून माथ्याले लावतो." तो रागावलेला नव्हता. गिऱ्हाइकाला कापसाचा प्रकार समजावून सांगावा तसं सांगत होता. मग थांबून म्हणाला, "अन् असं कोणी सांगतलं असंन त्यायले?"

मला वाटतं, तो खरंच विचारत होता. मी म्हणालो, सिनेमावाले काहीही दाखवतात. तो म्हणाला, हो, थेही खरं. त्यानं गादी खांद्यावर घेतली आणि गाडीकडे गेला.

आता शाळेतली पोरं त्याच्या दुकानासमोरून जाताना गुडघ्यावर फूटपट्टी तोडल्याची नक्कल करतात. ती माझ्याच वर्गातली पोरं आहेत. एकाला मी पकडून उभं केलं, तेव्हा तो म्हणाला, "पण सर, तुमीच तं त्या पोरीले वाचवाले गेले होते ना पिक्चरमधी?" मी त्याला बसायला सांगितलं आणि फळ्याकडे वळलो. गादीवाला हल्ली दुपारनंतर दुकान उघडं ठेवत नाही.

मागच्या महिन्यात जीपनं शेलूबाजारला गेलो. ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यं जुळवली होती. तिचं घर हायवेपासून आत, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, गाद्यांच्या खोळींचे ढीग. मला पाहून ती उभी राहिली, डोक्यावरची ओढणी सारखी केली, आणि दहावीतल्या मुलीसारखं "सर" म्हणाली. दोन मुलं आहेत. चहा केला. माझ्या मुलीची चौकशी केली, ती फोन करते म्हणाली, पण काय बोलावं ते दोघींनाही सुचत नाही.

सिनेमाचा विषय तिनंच काढला. नवऱ्याच्या मोबाइलवर पाहिला होता.

"थे पोरगी मस्त वाजवते सर. फक्त डावा हात ढिला हाय तिचा." आणि हसली. मग खोळीची शिवण नखानं खरवडत म्हणाली, "अब्बाले त्यायनं लय बेकार दाखवलं. तसे नव्हते अब्बा. त्यायनं मले मारलं नाही, काई नाही. नुसतं म्हणले, उद्यापासून सरांकडे जायचं नाही. मी विचारलं काहून, तं भिंतीकडे पाह्यत राह्यले. आजपर्यंत नाही सांगतलं."

मी कप खाली ठेवला.

"मी बोलत नाही सर त्यायच्याशी. ईदले जाते, सलाम करते, अम्मीजवळ बसते अन् येते. दहा वर्षं झाले. कोणी तरी त्यायले काई तरी सांगतलं होतं, मले तेव्हाच वाटलं. माह्याबद्दल काई घाण सांगतलं असंन. पण त्यायनं थे मानलं, याचा मले राग हाय. माह्या अब्बानं मानलं." ती माझ्याकडे पाहू लागली. "तुमाले मालूम हाय का सर, कोणी सांगतलं?"

बापानं इतकी वर्षं तिच्यापासून ते लपवलं होतं. गुरुजीच्या नजरेत आपण उतरलो, हे पोरीला कळू नये म्हणून. स्वतः तिचा अबोला सोसला, माझं नाव घेतलं नाही. हे त्या खोलीत बसून मला कळलं.

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. अगदी त्याच्यासारखी. मग मुलाला हाक मारून म्हणाली, सरांना रस्त्यापर्यंत सोडून ये, जीप मिळते का पाहा. मी परत आलो.

माझ्या मुलीला हे छापून आल्यावर कळेल. सिनेमावाल्या बाईलाही कळेल. गादीवाला वाचत नाही, त्याला कुणी तरी वाचून दाखवेल, आणि तो कदाचित पुन्हा मलाच सांभाळून घेईल. पण शेलूबाजारच्या त्या खोलीत तिनं मला तोंडावर विचारलं होतं, आणि तिला हे छापलेल्या कागदातून कळणं पुरेसं नाही. तिच्या वडिलांनी माझ्याकडे विचारणा केली होती, मी गप्प राहिलो, आणि त्यांनी गुरुजीवर विश्वास ठेवला, हे तिच्यासमोर बसून मला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.